शुगर उतरते तेव्हा ग्लुकागॉन गप्प का बसते?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मधुमेहावरच्या लेखांत एक वाक्य इतक्या वेळा छापून येते की वाचकांना ते पाठ झाले आहे: रक्तातली साखर कमी झाली की स्वादुपिंड ग्लुकागॉन सोडते आणि यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते. जीवशास्त्राच्या पेपरात या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. पण मधुमेहावरचा लेख वाचतो कोण? ज्याच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनची पेने आहेत किंवा औषधांच्या डब्यात साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडची पट्टी आहे, तो. नेमक्या त्याच्याच अंगात ही व्यवस्था मोडकळीला आलेली असते. ‘थोडीफार लो झाली तर शरीर सांभाळून घेते’ ही समजूत त्या वाक्यातूनच घरोघरी रुजली आहे, आणि तिच्या भरवशावर माणसे रिकाम्या खिशाने पर्वती चढायला निघतात. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. दोन ओळींत सांगायला गेलो असतो तर पुन्हा तेच वाक्य तयार झाले असते.

आधी हिशेब. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. मीटरवर साखर १०० (म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम) दाखवत असेल तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदू एकटाच तासाला जवळपास तेवढे संपवतो. मागून पुरवठा झाला नाही तर तासाभरात सगळे आटोपेल. हा पुरवठा यकृत करते. ६० किलो वजनाच्या माणसाचे यकृत रात्री झोपेत तासाला ७ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज रक्तात सोडत असते. त्याच्याजवळ ग्लायकोजेनच्या रूपात ७० ते १०० ग्रॅमची शिल्लक असते, आणि ती उतरू लागली की अमिनो आम्ले, लॅक्टेट, ग्लिसरॉल यांच्यापासून नवे ग्लुकोज बनवायची सोयही असते. हा नळ किती उघडायचा ते मुख्यतः दोन संप्रेरके ठरवतात. इन्सुलिन तो आवळते, ग्लुकागॉन सैल करते.

दोन्ही एकाच जागी तयार होतात. पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये स्वादुपिंडात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची जी बेटे पाहिली, ती संख्येने दहा लाखांच्या घरात असली तरी सगळी मिळून स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच भरतात. प्रत्येक बेटात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी निम्म्याहून अधिक, त्यांच्यात मिसळून, भिंतीला भिंत लावून ग्लुकागॉनच्या अल्फा पेशी, आणि थोड्या डेल्टा पेशी. हा शेजार लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या शेजारपणाचाच आहे.

अल्फा पेशी मज्जापेशीसारखी विजेवर चालते. भोवतालचे ग्लुकोज कमी असते तेव्हा तिच्या आवरणावर एकामागून एक विजेचे ठोके पडतात, दर ठोक्याला कॅल्शियम आत शिरते आणि ग्लुकागॉनने भरलेले सूक्ष्म कण बाहेर रिते होतात. म्हणजे बडबड करणे हा तिचा स्वभाव. साखर पुरेशी असताना तिला गप्प करावे लागते. थोडे ती स्वतःच ग्लुकोज ओळखून गप्प होते. पण मोठा दाब शेजारून येतो. बीटा पेशी इन्सुलिन सोडताना त्याच्या जोडीने जस्त आणि गाबा नावाचे रसायनही सोडते, डेल्टा पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडते, आणि हे सगळे अल्फा पेशीच्या तोंडावर हात ठेवल्यासारखे काम करते.

निरोगी माणसाची साखर ८०-८५ च्या खाली घसरू लागली की सर्वांत आधी बीटा पेशी इन्सुलिन आवरते घेतात. तोंडावरचा हात निघाला. साखर ६५ ते ७० च्या सुमारास आली की अल्फा पेशी मोकळी होऊन ग्लुकागॉन ओतते, आणि त्याच वेळी मेंदूच्या सांगण्यावरून मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात. स्वादुपिंडातून निघालेले रक्त आधी थेट यकृतात जाते, त्यामुळे ग्लुकागॉनचा पूर्ण जोर तिथेच पडतो. काही मिनिटांत ते नाहीसेही होते. घाम, थरथर, धडधड, खा-खा सुटणे ही लक्षणे ५५ च्या आसपास येतात आणि ५० च्या खाली मेंदूचे गणित चुकू लागते. निरोगी माणूस बहुधा इथवर पोचतच नाही.

मेंदूकडून येणाऱ्या नसाही अल्फा पेशीला डिवचतात, हे खरे. पण मुख्य इशारा शेजारचाच, याला चांगला पुरावा आहे. प्रत्यारोपण केलेल्या स्वादुपिंडाला रुग्णाच्या मेंदूकडून येणाऱ्या नसा जोडलेल्या नसतात, तरी अशा रुग्णांमध्ये साखर घसरल्यावर ग्लुकागॉन पुन्हा वाढू लागते. बेटात जिवंत बीटा पेशी परत आल्या, एवढे त्याला पुरते.

आता टाइप १ पाहा. बीटा पेशी संपलेल्या, शेजारचे घर रिकामे. अल्फा पेशी बहुतांशी जागेवर शाबूत. इन्सुलिन येते ते पोटाच्या चरबीत टोचलेल्या साठ्यातून, आपल्या वेळापत्रकाने. साखर १५० आहे की ५०, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मीटर ४८ दाखवत असताना रक्तातले इन्सुलिन कमी होत नाही, आणि बेटाच्या आत तर कमी व्हायला काही उरलेलेच नाही. ‘इन्सुलिन घटले’ हा जो इशारा अल्फा पेशी ऐकते, तो कधी वाजतच नाही. निदान झाल्यापासून साधारण पाच वर्षांच्या आत बहुतेक टाइप १ रुग्णांमध्ये उतरत्या साखरेला मिळणारा ग्लुकागॉनचा प्रतिसाद जवळजवळ नाहीसा होतो, तो यामुळे.

अल्फा पेशी मेल्या म्हणून असे होत नाही. अमेरिकेत जॉन गेरिच आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये टाइप १ रुग्णांची साखर इन्सुलिन देऊन उतरवली. ग्लुकागॉन हलले नाही. आर्जिनिन हे अमिनो आम्ल शिरेतून दिले तेव्हा मात्र त्याच रुग्णांचे ग्लुकागॉन वाढले. मालही होता आणि माल बाहेर काढायची ताकदही होती. याच पेशी जेवणानंतर उलटा त्रास देतात. जेवल्यावर ग्लुकागॉन दबायला हवे, ते मधुमेहात दबत नाही, आणि जेवणानंतरची साखर चढण्यात त्याचाही वाटा असतो. त्यामुळे ‘मधुमेहात ग्लुकागॉन वाढते’ असे लिहिणारा आणि ‘कमी पडते’ असे लिहिणारा, दोघेही अर्धे बरोबर असतात. ते वेळ चुकवते.

टाइप २ मध्ये हीच गोष्ट सावकाश घडते. पहिली काही वर्षे बीटा पेशी बऱ्यापैकी कामात असतात आणि इशारा मिळत राहतो. पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह, त्यात इन्सुलिन सुरू होऊन बरीच वर्षे झालेली, असा रुग्ण या बाबतीत टाइप १ सारखा वागू लागतो. घरच्यांना हे माहीत नसते. ‘याची टाइप २ आहे, साधी आहे’ असेच ते धरून चालतात.

गोळ्यांचा एक गट इथे वेगळा काढावा लागतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही औषधे बीटा पेशीला साखर कितीही असली तरी इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. साखर ६० झाली तरी ती थांबू देत नाहीत, म्हणजे तोंडावरचा हातही निघत नाही. साखर उतरवण्याचे काम आणि ग्लुकागॉन अडवण्याचे काम एकच गोळी करते. वयस्कर माणूस, क्रिएटिनिन वाढलेले (म्हणजे मूत्रपिंड मंदावलेले), जेवण कमी झालेले आणि गोळी मात्र जुन्याच मात्रेत चालू, हे सर्वांत वाईट जुळून येणे. अशी लो साखर देऊन वर येते, सगळे निश्चिंत होतात आणि चार तासांनी ती पुन्हा घसरते. परिणाम २४ तासांहून अधिक लांबू शकतो. म्हणून या गोळ्यांमुळे गुंगी आलेल्या रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन लावून शुद्धीवर आणल्यावर लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नये. एकट्या मेटफॉर्मिनने किंवा सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांसारख्या गोळ्यांनी सहसा असे होत नाही. ग्लिप्टिन औषधे ग्लुकागॉन दाबतात ते साखर जास्त असतानाच.

ग्लुकागॉन गेले तर मागे ॲड्रेनालिन उरते. ते यकृताचा नळही उघडते आणि घाम-थरथरीचा गजरही वाजवते. पण हा दुसरा पहारेकरीही वारंवार उठवला तर झोपू लागतो. अमेरिकेतील सेंट लुईसच्या फिलिप क्रायर यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवले की एकदा साखर खूप उतरून गेली की पुढच्या घसरणीला ॲड्रेनालिन उशिरा आणि कमी सुटते. आज ५० ला फुटलेला घाम आठवड्यात तीनदा लो झाल्यावर ४० लाही फुटत नाही. ‘मला आता ५० लासुद्धा काही होत नाही, सवय झाली’ असे कौतुकाने सांगणारे रुग्ण असतात. ती सवय नाही, गजराची वायर तुटली आहे. अशा रुग्णाला एकदम गोंधळ, बडबड, चिडचिड किंवा बेशुद्धीच येते. झोपेत ॲड्रेनालिनचा प्रतिसाद मुळातच मंद असतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधे धडधड आणि थरथर झाकतात. घाम मात्र झाकत नाहीत, तेवढी खूण राहते.

यात दिलासा एवढाच की हा बिघाड बराचसा मागे फिरतो. दोन-तीन आठवडे साखर ७० च्या खाली एकदाही जाऊ द्यायची नाही, त्यासाठी डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्यायचा आणि सरासरी थोडी चढली तरी चालवून घ्यायची. गजर पुन्हा वाजू लागतो. ग्लुकागॉनचा हरवलेला प्रतिसाद मात्र एवढ्याने परत येत नाही.

म्हणूनच ‘एचबीए१सी साडेसहा’ या, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या आकड्याचा अभिमान सगळ्यांना शोभत नाही. १९९३ मध्ये निकाल आलेल्या अमेरिकेतील डीसीसीटी अभ्यासात टाइप १ रुग्णांची साखर कडक नियंत्रणात ठेवल्यावर डोळे-मूत्रपिंडांचे नुकसान स्पष्ट घटले, पण दुसऱ्याची मदत लागावी अशा लोचे प्रमाण सुमारे तिप्पट झाले. तिशीतल्या माणसाने तो धोका सांभाळत कडक नियंत्रण ठेवणे योग्यच. पण कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मुले परदेशी, दोघेच राहणारे, पंच्याहत्तरीच्या पुढचे आणि त्यातला एक इन्सुलिनवर, अशा घरात आठच्या आसपासचा आकडा कितीतरी शहाणपणाचा. तिथे रात्री तीनला उठून साखर पाजणारा कोण आहे, हा प्रश्न डोस ठरवण्याआधी विचारला पाहिजे.

आता उपाय, आणि तो चुकतो कुठे. ७० च्या खाली आकडा आला की लक्षणे असोत-नसोत, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच. ५४ च्या खाली असेल तर घाई आणखी. औषधाच्या दुकानातल्या ग्लुकोज पावडरचे साधारण तीन सपाट चमचे म्हणजे १५ ग्रॅम, पण चमच्या-चमच्यांत फरक असतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा मोजून १५-१५ ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवाव्यात: एक उशाशी, एक पर्समध्ये, एक स्कूटरच्या डिकीत. अर्ध्या पेला पाण्यात ढवळले की झाले. एवढ्याने साखर साधारण ४० ने चढते. चढायला पंधरा मिनिटे लागतात, आणि ही पंधरा मिनिटे सर्वांत अवघड. मेंदू उपाशी असल्याने माणूस फडताळ रिकामे करतो, आणि तासाभराने मीटर ३०० दाखवते. घरच्यांनी त्या वेळी समोरची पोळी-भाजी बाजूला करून घड्याळाकडे बघत बसणे हेही काम आहे. साखर वर आली आणि पुढचे जेवण तासाहून लांब असेल तर एक पोळी किंवा कपभर दूध आणि दोन बिस्किटे द्यावीत.

पेढा, बर्फी, चॉकलेट, शेंगदाण्याची चिक्की यांवर लोकांचा फार विश्वास. त्यांतली चरबी जठर रिकामे होऊ देत नाही, साखर आतड्यात उशिरा पोचते. लो झाल्यावर पेढा भरवून ‘आता बरे वाटेल’ म्हणत वाट बघणे म्हणजे दहा-वीस मोलाची मिनिटे घालवणे. उसाचा रस किंवा साखर घातलेले लिंबू सरबत त्याहून कितीतरी बरे.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा, कारण तो डॉक्टरकडून सांगायचा राहतो आणि रुग्णाकडून वाचायचा राहतो. गोळ्यांच्या पट्टीमागे बारीक अक्षरांत पाहा. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या जोडीला ‘व्होग्लिबोज ०.२’ किंवा ‘०.३’ लिहिले असेल, किंवा वेगळी अकार्बोजची गोळी चालू असेल, तर साखर, गूळ आणि उसाचा रस तिन्ही जवळजवळ निरुपयोगी. तिन्हींत मुख्यतः सुक्रोज असते. आतड्यात त्याचे दोन तुकडे करणारे विकर ही औषधे अडवतात, आणि तुकडे झाल्याशिवाय सुक्रोज रक्तात जात नाही. इथे शुद्ध ग्लुकोजच हवे. ते नसेलच तर मध चालेल, त्यात ग्लुकोज आयते मोकळे असते. फळांच्या स्वादाच्या ग्लुकोजच्या डब्यांवर घटक वाचून घ्यावेत, काहींत साखरच मिसळलेली असते.

मीटरही फसवते. आंबा कापून झाल्यावर किंवा साखर विरघळवून झाल्यावर न धुतलेल्या बोटाचा थेंब पट्टीवर ठेवला तर ५५ ची साखर १४० दिसू शकते. रसाळ हाताने तपासून ‘नॉर्मल आहे’ म्हणत झोपलेला माणूस ही खरी भीती. साबणाने हात धुऊन, पुसून, मग टोचायचे. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलेल्यांनी ध्यानात घ्यावे की तो रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटे मागे असतो, आणि त्या कुशीवर झोपल्यास उगाचच लो दाखवतो.

आपल्या पुण्यात लो होण्याचे काही ठरलेले मुहूर्त आहेत. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो, म्हणजे रात्री नऊच्या सुमारास. सकाळची ग्लिमेपिराइड किंवा ३०/७० चे (जलद आणि मध्यम गतीचे मिश्र) इन्सुलिन मात्र नेहमीच्या मात्रेत घेतलेले असते. ३०/७० मधला मध्यम गतीचा भाग टोचल्यापासून चार ते बारा तास जोरात असतो. सकाळचा डोस दुपारच्या जेवणाचा हिशेब धरून बसलेला असतो आणि जेवणच नसते. त्यात दिवसभराच्या उपवासाने यकृताची शिल्लक उतरलेली, म्हणजे ग्लुकागॉन सुटले असते तरी नळातून फारसे आले नसते. उपवास करायचाच असेल तर त्या दिवसाचा डोस आधी विचारून घ्यावा. संध्याकाळी लो झाली तर साबुदाण्याच्या खिचडीची वाट पाहू नये. तूप आणि दाण्याचे कूट यांमुळे ती सावकाश उतरते.

गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीपात्रात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. कमरेला ढोल बांधून दीड-दोन तास वाजवणे हा जबर व्यायाम आहे. त्या वेळी साखर ठीक असते. रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास ग्लुकोज ओढत राहतात आणि लो होते ती पहाटे दोन-तीनला, जेव्हा ग्लुकागॉन नाही आणि ॲड्रेनालिनही झोपेत. टाइप १ असलेल्या वादकाने सरावाच्या रात्री झोपण्यापूर्वी तपासावे, थोडे जास्त खावे आणि रात्रीच्या डोसबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. सकाळी ओली उशी, डोकेदुखी, भयानक स्वप्ने ही रात्री लो होऊन गेल्याची चिन्हे. सकाळची साखर जास्त आली म्हणजे रात्री नक्की लो झाली असेल, असा उलटा तर्क मात्र बहुतेकदा चुकतो. एकदा तीनचा गजर लावून तपासले की वाद मिटतो.

सिंहगडासाठी पायथ्याशीच तपासावे. ९० च्या खाली असेल तर १० ते २० ग्रॅम कर्बोदके खाऊन, साखर वर आल्यावरच पाऊल उचलावे. चढाईआधी मांडीत इन्सुलिन टोचू नये, काम करणाऱ्या पायातून ते लवकर शोषले जाते. आदल्या चोवीस तासांत जोरदार लो होऊन गेली असेल तर चढाई रद्द, कारण ॲड्रेनालिन त्या दिवशी दुबळे असते. आणि गडावरचे मडक्यातले दही कितीही लाडके असले तरी ते लोवरचे औषध नाही. वारीत दिवे घाट चढणाऱ्या मधुमेही वारकऱ्यांनाही हेच लागू. पिशवीत पुड्या असाव्यात आणि सोबतच्या एकाला त्या कुठे आहेत हे माहीत असावे.

दुचाकीचे हे शहर आहे, म्हणून एवढेच: इन्सुलिनवर असलेल्याने किल्ली फिरवण्यापूर्वी ९० च्या वर असल्याची खात्री करावी, आणि लो होऊन गेल्यावर साखर नॉर्मल आली तरी पाऊण तास गाडी चालवू नये. मेंदू आकड्याच्या मागून सावरतो. रस्त्यात अडखळत बोलणारा, घामाघूम माणूस दिसला तर ‘प्यायलाय’ म्हणून पुढे जाण्याआधी त्याच्या खिशात मधुमेहाचे कार्ड आहे का, ते बघावे. प्यायलेला असला तरीही बघावे: दारू यकृताला नवे ग्लुकोज बनवू देत नाही, आणि मग लो जास्त खोल जाते.

लो होण्याचे एक कारण मात्र निव्वळ सिरिंजचे आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि पेनमधली कार्ट्रिज १०० युनिटची. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत औषध ओढले की आत जातात २५ युनिट. अडीचपट. हा घोटाळा सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद असताना, घरातल्या हुशार माणसाच्या हातून होतो.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही ओतू नये. पाणी, सरबत, मध, काहीही श्वासनलिकेत जाऊ शकते. हिरड्यांना साखर चोळून फारसे काही शोषले जात नाही. आकडी आली असेल तर कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. कुशीवर वळवावे, १०८ ला फोन करावा, आणि घरात ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल तर ते द्यावे.

इथे सुरुवातीच्या गोष्टीचे दुसरे टोक येते. शरीराचे ग्लुकागॉन सुटत नाही, पण ते ऐकणारे यकृत तयारच असते. बाहेरून दिलेले ग्लुकागॉन म्हणूनच काम करते. किटमध्ये १ मिलिग्रॅम पावडरची कुपी आणि पाणी भरलेली सिरिंज असते. पाणी कुपीत सोडायचे, जोरात न हलवता गोल फिरवायचे, द्रव स्वच्छ झाला की तो परत सिरिंजमध्ये ओढून मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचा. मोठ्यांना पूर्ण १ मिलिग्रॅम. लहान मुलांना सहसा निम्मे, पण ते कोणत्या वजनापर्यंत हे मुलाच्या डॉक्टरांकडून आधीच किटवर लिहून घ्यावे. शुद्ध यायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. मळमळ आणि उलटी बऱ्याचदा होते, म्हणून कुशीवर ठेवणे विसरू नये. जाग आली आणि गिळता येऊ लागले की लगेच ग्लुकोज आणि पाठोपाठ खाणे, कारण याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो आणि यकृताची शिल्लक भरून काढायची असते. अमेरिकेत २०१९ मध्ये नाकात फवारायच्या ३ मिलिग्रॅमच्या पावडरलाही मंजुरी मिळाली. ती ओढून घ्यावी लागत नाही, बेशुद्ध माणसालाही देता येते.

जिथे यकृत रिकामे आहे तिथे हे चालत नाही: दीर्घ उपवास, दारू, यकृताचा जुना आजार. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांच्या लोमध्येही त्यावर विसंबू नये, कारण ग्लुकागॉन बीटा पेशीलाही इन्सुलिन सोडायला चेतवते. या रुग्णांना शिरेतून ग्लुकोजच लागते, २५ टक्क्यांचे १०० मिलिलिटर म्हणजे २५ ग्रॅम, आणि ते दवाखान्यातच देता येते. पंधरा मिनिटांत जाग आली नाही तर दुसऱ्या इंजेक्शनची शोधाशोध करण्यापेक्षा गाडी काढावी.

हे किट कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बहुधा तयार नसते, आधी सांगून मागवावे लागते. टाइप १ चे मूल असलेल्या घराने आणि ज्यांना लोची चाहूल लागेनाशी झाली आहे त्यांनी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन ते मागवून ठेवावे. पुण्याचा उन्हाळा पाहता ते फ्रिजमध्येच ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नको. मुदतीची तारीख डब्याच्या झाकणावर ठळक लिहावी. मुदत संपलेल्या किटची पावडर पाण्यात कालवून घरातल्या दोघांनी तरी एकदा सिरिंजमध्ये ओढून पाहावी आणि संत्र्यात टोचून बघावी, म्हणजे रात्री अडीचला कुपीचे बूच कसे निघते इथपासून सुरुवात करावी लागणार नाही.

आपले,
मधुमेही रुग्णांसोबत काम करणारे दोन डॉक्टर, एक आहारतज्ज्ञ व एक परिचारिका
पुणे